छोटा ट्रॅक्टर, पुढे लोडर, मागे खोदाईचा हात : घेण्याआधीचे गणित



उसाचे बिल हाती आले की शिवाराशिवारात नव्या अवजारांची बोलणी सुरू होतात. अलीकडे या बोलण्यात १५ ते ३० अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर असतो, त्याला पुढे माती-खत उचलणारा लोडर आणि मागे चर खोदणारा हात. गावात त्याला सरळ ‘मिनी जेसीबी’ म्हणतात. चौकशीला येणाऱ्या सभासदाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “किती एचपीचा घेऊ?”

आमच्या मते हा प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न असा की, कोणते काम आणि वर्षाला किती तास? दुसरा असा की, वजन उचलल्यावर ट्रॅक्टर जमिनीला धरून राहतो का? या दोहोंची उत्तरे मिळाली की एचपीचा प्रश्न निम्मा आपोआप सुटतो. म्हणून या पाठात आपण त्याच क्रमाने जाऊ.

हे यंत्र आले कुठून?

ज्याला आपण जेसीबी म्हणतो तोही मुळात ट्रॅक्टरच. इंग्लंडमधील जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या कारखान्याने १९५३ साली ट्रॅक्टरला पुढे लोडर आणि मागे तेलाच्या दाबावर चालणारा खोदाईचा हात बसवला. त्यांच्या नावाची आद्याक्षरे म्हणजे जेसीबी. भारतात हे नाव १९७९ साली आले. पुढे या यंत्राला स्वतःचा मजबूत सांगाडा मिळाला. आज भाड्याने येणारा जेसीबी सुमारे साडेसात टनांचा असतो आणि साडेचार मीटरहून खोल खोदतो. आपला छोटा ट्रॅक्टर साधारण साडेसहाशे ते अकराशे किलोंचा. दोघांचा आकार सारखा दिसला म्हणून काम सारखे होणार नाही, एवढे आधी मनाशी पक्के करावे.

१. कामाची यादी

एक कागद घेऊन दोन रकाने पाडा. पहिल्यात लोडरची कामे लिहा : गोठ्यातले शेण ओढणे, शेणखत आणि प्रेसमड ट्रॉलीत भरणे, कंपोस्टचा ढीग परतणे, वाटेवर मुरूम पसरणे. दुसऱ्यात खोदाईची : ठिबकच्या नळीचा चर, फुटलेली नळी उकरणे, बुजलेला निचऱ्याचा चर साफ करणे, आंब्या-चिकूचे खड्डे.

विहीर, शेततळे, जमिनीचे सपाटीकरण ही कामे या यादीत घालू नका. क्षारपड जमिनीचा भूमिगत निचराही नाही. शिरोळच्या श्री दत्त कारखान्याने सभासदांच्या क्षारपड रानात सच्छिद्र पाइप पुरून हे काम मोठ्या प्रमाणावर उभे केले आहे, पण तिथे तीन ते पाच फूट खोल, एका उतारात, लांबच लांब चर लागतात. ते मोठ्या यंत्राचे आणि एकत्र नियोजनाचे काम आहे.

२. तासांचे गणित

नळीसाठी १०० मीटर लांब, एक फूट रुंद, दोन फूट खोल चर काढायचा आहे असे धरू. माती निघेल सुमारे १८ घनमीटर. छोट्या हाताच्या बकेटमध्ये एका खेपेला २४-२५ लिटर माती येते. अर्ध्या मिनिटाला एक खेप धरली तर तासाला तीन घनमीटर. म्हणजे हा चर सहा तासांचा. जेसीबीची बकेट रुंद, त्यामुळे तो दुप्पट माती काढील, पण तासाभरात मोकळा होईल.

आता पैसे. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत, आपल्या गावचे दर घालून पुन्हा मांडावेत. लोडर आणि हात मिळून ४ लाख रुपये लागले असे समजा. दहा वर्षांची घसारा धरली तर वर्षाला ४० हजार, व्याज २० हजार, दुरुस्ती २० हजार. एकूण ८० हजार, यंत्र चालो वा उभे राहो. वर्षाला १०० तास काम असेल तर हा बोजा तासाला ८०० रुपये, ४०० तास असेल तर २०० रुपये. त्यावर डिझेल आणि चालक मिळून ४०० धरा. म्हणजे पहिल्याला तास १,२०० ला पडतो, दुसऱ्याला ६०० ला.

वर्षाला ४०० तास असणाऱ्यालाही तो सहा तासांचा चर ३,६०० रुपयांना पडला. जेसीबी तासाला १,२०० घेतो आणि कमीत कमी दोन तासांचे भाडे लावतो असे धरले, तरी २,४०० मध्ये काम झाले. तात्पर्य, मोकळ्या रानातल्या खोदाईसाठी हे यंत्र घेणे परवडत नाही.

मग ते परवडते कुठे? उभ्या पिकात. तोच चर उभ्या उसातून न्यायचा असेल तर जेसीबी तीन मीटरचा पट्टा मोडतो. शंभर मीटरला ३०० चौरस मीटर, म्हणजे तीन गुंठे. एकरी ४० टनांच्या उसात गुंठ्याला एक टन पडतो, म्हणजे तीन टन ऊस गेला. टनाला ३,००० रुपये धरले तर ९,००० चे नुकसान. छोट्या यंत्राने दीड मीटरचा पट्टा मोडला तर दीड टन, ४,५०० रुपये. आता बेरीज करा : जेसीबी ११,४००, छोटे यंत्र ८,१००. पारडे फिरले!

तसेच गोठ्याच्या दोन भिंतींमधले काम, फळबागेतले काम, आणि जेसीबीवाला ज्यासाठी येतच नाही असे अर्ध्या तासाचे काम. छोट्या यंत्राचे खरे मोल या तीन-चार ठिकाणी आहे. ही कामे यादीत नसतील तर नुसता लोडर घ्यावा आणि खोदाई भाड्याने करून घ्यावी.

३. वजनाचे गणित

हा भाग सावकाश वाचावा, कारण इथे पैशाबरोबर जिवाचाही प्रश्न आहे.

पहार दगडाखाली घालून आपण टेकू देतो. लोडर लावलेल्या ट्रॅक्टरचा टेकू म्हणजे पुढचा आस. समजा ट्रॅक्टर ८५० किलोंचा आहे, मागच्या चाकांवर ५०० आणि पुढच्यांवर ३५०. दोन आसांमध्ये अंतर दीड मीटर. पुढे २०० किलोंचा लोडर लावला, त्याचा भार आसापुढे पाऊण मीटरवर. मागचे वजन १०० किलोंनी हलके झाले. आता बकेटमध्ये ३०० किलो ओली माती, आसापुढे दीड मीटरवर. मागचे आणखी ३०० किलो गेले. मागच्या चाकांवर उरले फक्त १०० किलो, पुढच्या आसावर झाले १,२५० किलो!

बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांना असतात. उतारावर भरली बकेट घेऊन चालकाने ब्रेक दाबला तर ज्या चाकांनी धरायचे त्यांच्यावर वजनच नाही. आणि ३५० किलोंसाठी असलेल्या पुढच्या आसावर साडेतीनपट भार आला.

उपाय साधा आहे. मागच्या आसामागे पाऊण मीटरवर २५० किलोंचा भार टांगला तर मागे ३७५ किलो वाढतात आणि पुढचे १२५ कमी होतात. मागे खोदाईचा हात बसवलेला असेल तर तोच हे काम करतो. हात काढून ठेवला की मात्र भार लावलाच पाहिजे. तेलाचे दोनशे लिटरचे पिंप निम्मे काँक्रीटने भरले तर सुमारे २४० किलो होतात. लिंकेजला धरायला त्यात भक्कम पिन बसवून घ्यावी.

बकेट केवढी घ्यावी हेही वजनावरून ठरते. दोनशे लिटरच्या बकेटमध्ये मुरलेले शेणखत शंभर ते दीडशे किलो बसते, ओली माती किंवा मुरूम तीनशेच्या वर. खताला शोभणारी मोठी बकेट मुरमात घातली की वरचे गणित सुरू झाले.

विक्रेता प्रात्यक्षिक दाखवायला येईल तेव्हा ट्रॅक्टर वजनकाट्यावर न्यावा. बकेट भरून जमिनीलगत ठेवावी आणि फक्त मागची चाके काट्यावर घ्यावीत. आकडा डोळ्यांपुढे येतो, वाद राहत नाही. पुढच्या आसाला किती भार चालतो ते कंपनीच्या पुस्तिकेतून दाखवायला सांगावे. लोडर लावायचा तर चारही चाकांना ओढ असलेला ट्रॅक्टर आणि पॉवर स्टिअरिंग हवेच.

४. सांगाडा

ट्रॅक्टरला ट्रकासारखी चेसिस नसते. इंजिन, क्लचचे घर, गिअरपेटी आणि मागचा आस एकमेकांना बोल्टने जोडलेले, तेच त्याचे अंग. खोदाईचा हात नुसता मागच्या लिंकेजवर टांगला तर कठीण मुरमात बकेट अडकताच सारा जोर या जोडांवर येतो. घर तडकले तर ट्रॅक्टर दोन तुकड्यांत. शिवाय असा टांगलेला हात उसळून चालकाच्या अंगावर येऊ शकतो.

म्हणून पोटाखालून जाणारी, मागचा हात आणि पुढचा लोडर यांना एकत्र बांधणारी लोखंडी चौकट आहे का, हे वाकून पाहावे. ‘लिंकेजवर पाच मिनिटांत बसतो’ ही विक्रेत्याची तारीफ असली तरी आपल्यासाठी ती धोक्याची सूचना आहे. मात्र चौकटीसह हात काढायला-बसवायला किती वेळ आणि किती माणसे लागतात तेही विचारावे. याच ट्रॅक्टरने आपल्याला बाळबांधणी आणि भरणी करायची असते. मागे हात लोंबत असताना ती होत नाही.

५. आता अश्वशक्ती

हात आणि लोडर चालतात ते तेलाच्या दाबावर. त्याचा हिशेब असा : मिनिटाला किती लिटर तेल, गुणिले दाब बारमध्ये, भागिले ६००, उत्तर किलोवॉटमध्ये. पंप मिनिटाला २० लिटर देतो आणि दाब १५० बार आहे असे धरले तर ५ किलोवॉट, म्हणजे पावणेसात अश्वशक्ती. इंजिन २४ चे असो वा २७ चे, हाताला मिळाली तेवढीच. म्हणून इंजिनाच्या आकड्याआधी पंपाचा आकडा विचारावा. पीटीओवर वेगळा पंप आणि वेगळी तेलटाकी असेल तर हात जोमाने चालतो आणि तेलही कमी तापते.

दुसरे, लोडरच्या कामात दर मिनिटाला पुढे-मागे करावे लागते. एका दांडीने पुढे-मागे करता येणारा गिअर असेल तर क्लच आणि चालक दोघेही टिकतात.

तिसरे, मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिचा चाचणी अहवाल विक्रेत्याकडे मागावा. पीटीओवर खरी शक्ती किती, लिफ्ट किती उचलते, हे त्यात मोजून दिलेले असते. पत्रकातला आकडा आणि अहवालातला आकडा शेजारी ठेवून वाचावेत.

६. जिवाची काळजी

भरलेली बकेट जमिनीपासून फूटभरच वर ठेवून चालावे. उतारावर भार नेहमी चढाच्या बाजूला ठेवावा. बकेटमध्ये माणूस कधीही उचलू नये. ट्रॅक्टर उभा करताना बकेट जमिनीला टेकवावी. चालकावर संरक्षक कमान असावी आणि कमान असेल तर पट्टा बांधावाच, कारण पट्टा नसेल तर उलटताना माणूस कमानीखालीच सापडतो. हात वर करण्याआधी डोक्यावरच्या विजेच्या तारा पाहाव्यात, खोदण्याआधी मोटरची केबल कुठून गेली आहे ते घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे. दीड मीटरपेक्षा खोल चरात कडांना आधार दिल्याशिवाय गडी उतरवू नये. काळी माती ढासळताना आवाज देत नाही.

शेवटी काय करावे?

आमची सूचना अशी की, यंत्र घेण्याआधी एक वर्ष वही घालावी. शेण-खत भरायला किती गडी किती दिवस लागले, जेसीबी किती तास आला, उभ्या पिकात किती वेळा उकरावे लागले, हे तारीखवार लिहावे. एकट्याचे तास दोनशेच्या आत भरत असतील तर शेजारच्या तीन-चार सभासदांच्या वह्या एकत्र मांडाव्यात. चौघांचे मिळून चारशे तास होत असतील तर यंत्र चौघांत घ्यावे, चालक एकच ठेवावा, तासांची नोंद रोज करावी आणि डिझेल ज्याच्या रानात काम त्याने घालावे. दुरुस्तीचा पैसा तासांच्या प्रमाणात दरमहा बाजूला काढावा, म्हणजे पंप गेल्यावर भांडण होत नाही.

सहकारावर कारखाना चालवणाऱ्या आपल्याला एक ट्रॅक्टर चौघांत चालवणे अवघड नाही. फक्त वही आधी, इसार नंतर.