सुजलेल्या पित्ताशयापाशी

चि. ओंकार,


जिल्हा रुग्णालयात रुजू झालास आणि रात्रपाळीच्या इमर्जन्सी आता तूच बघणार, हे वाचून आनंद झाला. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्यात हात बसलाय, असं लिहिलंस. बसला असेलच. पण तो हात ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांवर बसलेला आहे. ताप, पू आणि सूज घेऊन आलेला पेशंट वेगळा असतो, म्हणून हे पत्र.

आधी एक भीती काढून टाक. सूज आहे म्हणून सहा आठवडे थांबणं सुरक्षित असतं, असं नाही. जर्मनीतल्या 2013 सालच्या मोठ्या चाचणीत 24 तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 11.8 टक्के जणांना त्रास झाला. आधी अँटिबायोटिक देऊन नंतर शस्त्रक्रिया केलेल्यांत 34.4 टक्के जणांना. तेव्हा लवकर कर, पण पेशंट पारखून. दुखणं 72 तासांपेक्षा जुनं, पांढऱ्या पेशी 18,000 च्या वर, बरगडीखाली हाताला लागणारी दुखरी गाठ, यांतलं काहीही असलं तर आत अवघड असणार हे धरून चाल. पुरुष, म्हातारा, मधुमेही, पूर्वी पोटाच्या वरच्या भागाची शस्त्रक्रिया झालेला, सोनोग्राफीत पित्ताशयाची जाड भिंत आणि त्याच्या मानेशी अडकलेला खडा, ही यादी माझ्या डोक्यात कायम असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे नातेवाइकांना दोनदा विचार. त्यांना "हृदयाची गोळी" एवढंच माहीत असतं.

डॉ. तेहम्टन उडवाडियांनी 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात पहिल्यांदा केली. आज ती गावोगावी होते. तिच्यात रक्तस्राव, पोटात सांडलेले खडे, आतड्याला लागलेला ट्रोकार, टाक्यात पू, हे सगळं होतं आणि बहुतेकदा निभावतं. मुख्य पित्तनलिका कापली गेली, तर मात्र त्या माणसाचं आयुष्य बदलतं. उघड्या शस्त्रक्रियेत हे हजारात एक-दोनदा व्हायचं; दुर्बिणीत साधारण तीन ते पाच वेळा होतं.

आणि हे का होतं, ते नीट समजून घे. अमेरिकेत 2003 साली अशा 252 इजांचा अभ्यास झाला. त्यात 97 टक्के वेळा मूळ कारण दृष्टिभ्रम होतं. हाताचं कौशल्य कमी पडल्याची प्रकरणं अगदी थोडी. सुजेनं सिस्टिक डक्ट, म्हणजे पित्ताशयाची स्वतःची नळी, आखडते, पित्ताशयाची मान मुख्य नलिकेला चिकटते, आणि सर्जन मुख्य नलिकेलाच सिस्टिक डक्ट समजून, पूर्ण खात्रीनं, क्लिप लावतो. म्हणून तुझ्या खात्रीपेक्षा स्ट्रासबर्गच्या तीन अटींवर विश्वास ठेव: पित्ताशय आणि यकृतामधल्या त्रिकोणातली चरबी नि तंतू पूर्ण साफ, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटलेला, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी. हे दिसेपर्यंत काहीही कापू नकोस. यकृतावरची रुव्हिएरची खाच शोध आणि तिच्या वरच राहा.

अटी पुऱ्या होत नसतील तर? इथे मी हट्टी आहे. पेशंट पित्ताशय काढून घ्यायला नव्हे, पुवातून सुटायला आलेला असतो. पित्ताशय उघड, खडे काढ, मान तशीच ठेव, ड्रेन टाक आणि बाहेर ये. अर्धवट काढलेल्या पित्ताशयातून पित्त काही दिवस गळेल. एन्डोस्कोपीनं स्टेंट टाकून ते बहुधा थांबतं. पोट उघडणं हा मार्ग आहेच, पण तुमच्या पिढीनं उघडी शस्त्रक्रिया फारशी पाहिलेली नाही, आणि उघडल्यावर सूज काही कमी होत नाही. वरून खाली सोडवत येण्याचा मोह तर टाळच. आक्रसलेल्या पित्ताशयात ती वाट थेट यकृताच्या मुख्य रक्तवाहिन्यांवर उतरते.

दुसऱ्या दिवशी पेशंट हसतखेळत नसेल, पोट फुगलं असेल, नाडी जलद असेल, तर "गॅस झालाय" म्हणू नकोस. पित्त गळतंय असं समजून सोनोग्राफी कर.

आणि कधी नलिकेला लागलंच, तर तिथल्या तिथे जोडायला बसू नकोस. ड्रेन ठेव, यकृत-पित्तमार्गाच्या तज्ज्ञाला त्याच रात्री फोन कर, पेशंट तिकडे पाठव. नातेवाइकांना काय घडलं ते स्वतः सांग, रजिस्ट्रारला पुढे करू नकोस. मला कितीही वाजता फोन केलास तरी चालेल. टेबलावरून केलास तर जास्त बरं.

तुझी,
आत्या