जुना लॅपटॉप, नवा छंद

प्रश्न : मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉम्प्युटरची मनापासून आवड आहे, पण संध्याकाळ व्हिडिओ पाहण्यातच जाते. घरी ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. विंडोज १० फार रखडत चालतं. नवा घेणं परवडणार नाही. काय करू?
– एक वाचक, देवळाली प्रवरा

उत्तर : नव्या लॅपटॉपसाठी थांबू नका. विंडोज १० चा नियमित मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे बदल हवाच. आधी सगळ्या फाइल्सचा बॅकअप घ्या. मग विंडोजऐवजी लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहा. इन्स्टॉल न करताही ती चालते, त्यामुळे वायफाय आणि आवाज नीट आहेत का, ते आधीच कळतं. जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवा. वेगातला सर्वांत मोठा फरक त्यानं पडतो.

व्हिडिओंनी आवड टिकते, हात मात्र काही घडवल्यावरच बसतो. तुमच्या भागात उसाची शेती मोठी. लागवडीची तारीख, पाण्याच्या पाळ्या, खतांचा खर्च नोंदवणारा छोटा प्रोग्रॅम पायथन आणि एसक्यूलाइट डेटाबेस वापरून लिहा. तो घरच्यांना वापरायला द्या. त्यांना जिथे अडेल, तोच तुमचा पुढचा धडा.

सोबत मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका : स्वर डाव्या हाताला, व्यंजनं मुख्यतः उजव्या. सराव म्हणून मराठी विकिपीडियावर आपल्या गावाच्या लेखात संदर्भासह भर घाला.

रोज अर्धा तास पुरेसा आहे, पण तो आधी, व्हिडिओ नंतर.