शीतयुद्धाचा धडा वळिवड्यात

प्रश्न : मी नववीला राज्यशास्त्र शिकवते. हुकूमशाही, शीतयुद्ध म्हटलं की मुलं जांभया देतात. काय करावं?
– एक शिक्षिका, कबनूर

उत्तर : युरोपचा नकाशा नंतर, आधी आपल्या जिल्ह्याचा लावा. त्यावर वळिवडे शोधायला सांगा. तिथे १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका आणि मुलं. ती इथवर आली कशी? १९३९च्या सप्टेंबरात हिटलर आणि स्टॅलिननं पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडच्या लोकांना स्टॅलिननं सैबेरिया, कझाकस्तानात हाकललं. १९४१मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे काहीजण कोल्हापूर संस्थानात पोचले.

खरी मेख पुढे आहे. युद्ध जिंकलं, तरी यांतले अनेकजण मायदेशी परतले नाहीत. का? इथं लगेच उत्तर सांगू नका. गावं सोव्हिएत हद्दीत गेलेली, वॉर्सात मॉस्कोच्या मर्जीतलं सरकार, हे मुलांनाच शोधू दे. शीतयुद्ध तिथंच समजतं.

‘देशाला हिटलरच पाहिजे’ म्हणणारा एखादा वर्गात निघतोच. त्याला दटावू नका. छावणीतल्या त्याच्याच वयाच्या मुलाचं पत्र त्याला कल्पनेनं लिहायला लावा. आणि हे सगळं परदेशातच घडतं असं वाटू नये म्हणून आणीबाणीही घ्या. १९७५च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत तिच्याविरुद्ध उभ्या राहिल्या, पुढे तुरुंगात गेल्या.

सहल काढायची तर पन्हाळ्याच्या वाटेवर कोल्हापुरात महावीर उद्यानातला पोलिश स्मृतिस्तंभ दाखवा.