परिसर अभ्यास : धामणकर नाक्याची मेट्रो कशी उभी राहते?

मित्रमैत्रिणींनो, ठाण्याहून कशेळी, काल्हेरमार्गे भिवंडीला येताना मेट्रोचे मोठमोठे खांब तुम्ही पाहिलेच असतील. “बापरे, केवढा उंच!” असे म्हणून आपण पुढे जातो. पण आधी काय करतात, मग काय करतात आणि या कामाला वर्षे का लागतात, असे कोणी विचारले तर आपण गप्प बसतो. म्हणून या अंकात हा पाठ घेतला आहे. घरून आलेल्या पालकांनीही तो जरूर वाचावा.

ही गाडी हवी कशाला?

आपल्या देशातील पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी ३४ किलोमीटर धावली. १८५४ साली ती कल्याणपर्यंत पोचली. पण रूळ गेले मुंब्रा-दिव्याच्या बाजूने. उल्हास नदीच्या अलीकडची भिवंडी तशीच बाजूला राहिली. पुढे वसई-दिवा मार्गावर ‘भिवंडी रोड’ स्थानक झाले खरे, पण त्या गाडीने ठाण्याला जायचे तर दिव्याला गाडी बदलावी लागते.

भिवंडी म्हणजे यंत्रमागांचे गाव. भोवती गोदामेच गोदामे. मागावर जाणारा कामगार, कॉलेजला जाणारी ताई, दवाखान्यात निघालेली आजी आणि मालाचा ट्रक, सगळे एकाच रस्त्यावर. मग खोळंबा होणार नाही तर काय?

यावर उपाय म्हणून ठाणे-भिवंडी-कल्याण हा ‘मेट्रो मार्ग ५’ ठरला. १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याण येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. बांधकाम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. मूळ आराखड्यात लांबी सुमारे २४.९ किलोमीटर आणि स्थानके १७. पहिला टप्पा कापूरबावडीपासून बाळकूम नाका, कशेळी, काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा असा करत धामणकर नाक्यापर्यंत येतो. कापूरबावडीला हा मार्ग वडाळ्याहून येणाऱ्या मेट्रो मार्ग ४ ला जोडायचा आहे.

काम पायरीपायरीने

१. माती तपासणे : आधी जमिनीला भोक पाडून आतली माती आणि खडक वर काढून पाहतात. खडक किती खोल आहे ते कळल्याशिवाय पुढे जात नाहीत. आपल्याकडे खाडीची जमीन. वर चिखल, खाली खडक. बांबू चिखलात नुसता रोवला तर तो कलतो की नाही? तसेच हे.

२. पाया : सुताराच्या गिरमिटासारखे, पण ताडाएवढे उंच यंत्र जमिनीत खोल गोल खड्डा करते. खड्ड्याच्या कडा ढासळू नयेत म्हणून त्यात एका खास मातीचे दाट पाणी भरतात. मग लोखंडी सळ्यांचा लांबच लांब पिंजरा आत सोडतात. नळीने काँक्रीट थेट तळाशी ओततात. ते तळापासून वर चढते आणि मातीचे पाणी बाहेर ढकलते. असे काही खोल खांब झाले की त्यांची डोकी एका जाड काँक्रीटच्या ठोकळ्याने एकत्र बांधतात. हे सगळे पुढे मातीखाली झाकले जाते. आपल्याला दिसतो तो खांब यानंतरचा!

३. खांब आणि त्याचे डोके : ठोकळ्यावर खांब, खांबावर दोन्ही बाजूंना पसरलेले डोके. काँक्रीट ओतताना त्याच मालाचे १५ सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे वेगळे काढून ठेवतात. ७ दिवसांनी आणि २८ दिवसांनी ते यंत्रात दाबून फोडतात. किती भार सोसला ते लिहून ठेवतात. म्हणजे काँक्रीटचीही परीक्षा असते बरं का!

४. गर्डर : दोन खांबांवर आडवा टाकायचा अवजड काँक्रीटचा भाग म्हणजे गर्डर. तो दूरच्या आवारात तयार करतात. रात्री रहदारी कमी झाली की लांब ट्रेलरवरून आणतात आणि क्रेनने उचलून ठेवतात. गर्डर थेट खांबावर टेकत नाही, मध्ये बेअरिंग असते. कारण उन्हाने गर्डर वाढतो. ३० मीटरचा गर्डर ३० अंशांनी तापला तर सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. त्याला सरकायला जागा हवीच. दोन गर्डरांमध्ये फट दिसते ती याचसाठी. कशेळीच्या खाडीवरचा पूल सुमारे ५५० मीटर लांब आहे. तेथे पाण्यात पाया घ्यायचा म्हणजे काम अधिकच जिकिरीचे.

५. रूळ, वीज, सिग्नल : मेट्रोच्या दोन रुळांतील अंतर १४३५ मिलिमीटर असते. आपल्या कल्याणच्या रेल्वेचे १६७६ मिलिमीटर. म्हणून ही गाडी त्या रुळांवर जाऊच शकत नाही. गाडीला वरच्या तारेतून २५,००० व्होल्टची वीज मिळते. मग सिग्नल, जिने, दरवाजे. शेवटी रिकामी गाडी पुन्हापुन्हा चालवून पाहतात आणि सुरक्षा अधिकाऱ्यांनी मंजुरी दिल्यावरच माणसे बसवतात.

पाहा, यातली एकही पायरी गाळता येत नाही. “अजून काहीच दिसत नाही,” असे लोक म्हणत असतात, तेव्हा कदाचित सर्वांत महत्त्वाचे काम जमिनीखाली चालू असते.

नाक्याच्या पुढे काय?

धामणकर नाक्यापुढे टेमघरपर्यंतचा रस्ता अरुंद. दोन्ही बाजूंना घरे, दुकाने आणि लहानसहान धंदे. खांब उभे करायचे तर रस्ता रुंद करावा लागणार, म्हणजे पुष्कळ लोकांची घरे आणि रोजीरोटी जाणार. त्यामुळे हा सुमारे ३ किलोमीटरचा भाग जमिनीखालून नेण्याचे ठरले. भुयाराला खर्च फार आणि वेळही जास्त लागतो. मग ते कशाला? कारण खर्च फक्त सिमेंट-लोखंडाचा मोजून चालत नाही. ज्याचे छप्पर जाते त्याचाही हिशेब धरावा लागतो. वाट वाकडी झाली किंवा खालून गेली, तरी माणसे जागच्या जागी राहिली, हा मोठाच फायदा नव्हे का?

ही गोष्ट विसरू नका

ऑगस्ट २०२५ मध्ये भिवंडीत याच मार्गाच्या कामावरून एक लोखंडी सळई खाली पडली. ती रिक्षातल्या प्रवाशाच्या डोक्यात घुसली. रस्त्याने जाणाऱ्याचा त्यात काय दोष? वर काम करणाऱ्यांनी जाळी लावणे, हत्यारे बांधून ठेवणे, गर्डर चढवताना खालचा रस्ता बंद करणे हे त्यांचे कामच आहे. पण आपणही जपावे. पत्र्याच्या आत डोकावू नये. क्रेनखाली थांबू नये. उघड्या सळ्या आणि खड्डे यांच्याजवळ खेळू नये. आणि जाळी फाटलेली किंवा पत्रा सरकलेला दिसला, तर घरी, शाळेत किंवा पोलिसकाकांना लगेच सांगावे.

करून पाहा

१. घरच्या मोठ्या माणसांबरोबर जाताना, दूरूनच, एखादे काम कोणत्या पायरीवर आहे ते ओळखा. तारीख घालून वहीत चित्र काढा. महिन्याने तीच जागा पुन्हा पाहा.

२. गणित : पहिला टप्पा १२ किलोमीटर धरला आणि दोन खांबांतील अंतर ३० मीटर धरले, तर खांबांमध्ये किती गाळे होतील? (उत्तर : ४००)

३. आई-बाबांना विचारा : तुम्हाला ठाण्याला किंवा कल्याणला जायला किती वेळ लागतो? त्यातला किती वेळ नुसता खोळंब्यात जातो? सात दिवसांचा तक्ता करून वर्गात लावू या. मेट्रो सुरू झाल्यावर पुन्हा तसाच तक्ता करायचा आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचे. किती फरक पडला, ते आपले आपल्यालाच दिसेल.