पोटातल्या बाळाचा घास आणि श्वास



बाळ झाले की आपण तीट लावतो, दृष्ट काढतो. पण बाळाची खरी जपणूक ते पोटात असतानाच सुरू होते. त्याचे अन्न आणि प्राणवायू आईच्या रक्तातून, वारेवाटे येतात. आईचे ताट अपुरे, तर बाळ उपाशी. आईच्या छातीत धूर, तर बाळाला प्राणवायू कमी. अशी बाळे हलकी जन्मतात. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ लवकर आजारी पडते, त्याच्या जिवाला धोकाही जास्त असतो.

घास

"जास्त खाल्लेस तर बाळंतपण अडेल," असे घरात सांगतात. त्या भीतीने पोट मारू नका. पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत १९९३ पासून के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायांच्या आहाराची नोंद ठेवली. पालेभाज्या, फळे व दूध वरचेवर घेणाऱ्या आयांची बाळे जास्त भरलेली निघाली.

हे सारे आपल्याकडेही आहे. नाचणीची भाकरी, वाल-चवळी, माठ, टाकळा, शेवग्याचा पाला, सुकट, अंडे, जमेल तेव्हा दूध. भाजीवर लिंबू पिळा. जेवणाबरोबर चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, निदान १८० दिवस. गोळीने शौचाला काळी होते, घाबरू नका. आदिवासी गावांत अमृत आहार योजनेखाली अंगणवाडीत गरोदर बाईला जेवण मिळते. ते तिचेच आहे, तिनेच खावे.

श्वास

पावसाळ्यात ओली लाकडे धुमसतात, घर धुराने भरते. त्या धुरातला विषारी वायू रक्तात शिरून प्राणवायूची जागा अडवतो. गॅस असेल तर निदान या नऊ महिन्यांत तोच वापरा. नसेल तर लाकूडफाटा आधीच सुकवून ठेवा, खिडकी उघडी ठेवा, चूल पडवीत मांडा. पेटवायला प्लास्टिक कधीच नको.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्यांनी गरोदर बाईला धुराच्या तोंडाशी उभे करू नये, ओझे उचलायला लावू नये. जाताना तिचे कार्ड बरोबर घ्या. तिथल्या आशाताईंना दाखवा.

मशेरीचेही तसेच. मुंबईत १,२१७ गरोदर बायांची पाहणी झाली, ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. मशेरी-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. घरधन्यानेही घरात विडी ओढू नये.

दादा, हे तुमच्यासाठी

ती सगळ्यांना वाढून उरलेले खाते. तिला आपल्याबरोबर जेवायला बसवा. पाण्याचा हंडा तुम्ही आणा.

आणि पाळणा लांबवा. पहिले मूल विशीनंतर, दुसरे निदान तीन वर्षांनी. लागोपाठच्या बाळंतपणांनी आईचे रक्त आटते. मग पुढच्या बाळाला ती देणार काय? तांबी, गोळ्या, अंतरा इंजेक्शन, निरोध ही साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. दोन मुले पुरेत असे दोघांनी ठरवले, तर पुरुष नसबंदी सोपी आहे. तिने ताकद जात नाही.

पाळी चुकताच उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे नाव नोंदवा.

आईला पोटभर घास, घरात निर्मळ श्वास. बाळ होईल गुटगुटीत खास!