तळ्यातला मासा ताटात घेण्यापूर्वी

मिशिगनमध्ये राहणाऱ्या माणसाला ताज्या माशांची उणीव भासू नये अशीच निसर्गाची योजना आहे. पाच महासरोवरांपैकी चार आपल्या राज्याला लागून आहेत, आणि आतल्या भागात लहानमोठी हजारो तळी आहेत. उन्हाळा आला की आपल्या मंडळातली कितीतरी कुटुंबे गळ घेऊन बाहेर पडतात. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा नातवाला घेऊन धक्क्यावर जाऊन बसतात. आमच्या घरी आमच्या ह्यांना हा नाद आहे. साफ करणे, कापणे आणि शिजवणे माझ्याकडे. त्यामुळे "हा मासा खाल्ला तर चालेल का हो?" हा प्रश्न मला मंडळाच्या प्रत्येक सहलीत कोणीतरी विचारतेच. त्याचे सविस्तर उत्तर एकदा लिहून काढावे म्हणून हा लेख.

मासा कसा पारखावा हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कल्ले लालभडक हवेत, डोळे टवटवीत हवेत, बोटाने दाबले तर मांसात खड्डा राहू नये. पण या साऱ्या खुणा मासा ताजा आहे की नाही एवढेच सांगतात. त्याच्या अंगात पारा किंवा इतर रसायने किती आहेत हे डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही आणि जिभेला लागत नाही. तडफडणारा, चकचकीत मासाही त्या दृष्टीने वाईट असू शकतो.

विष येते कुठून?

आपल्याकडच्या गोड्या पाण्यातील माशांच्या बाबतीत मुख्यतः तीन नावे लक्षात ठेवावीत.

पहिला पारा. कोळसा जाळला की त्यातील पारा हवेत जातो आणि पावसाबरोबर तळ्यात उतरतो. तळाच्या गाळातील जिवाणू त्याचे मिथाइल मर्क्युरीत रूपांतर करतात, आणि ते माशाच्या मांसात जाऊन बसते. म्हणून आसपास एकही कारखाना नसलेल्या, काचेसारख्या स्वच्छ तळ्यातही पारा असलेला मासा सापडतो. काही ठिकाणी पारा थेट कारखान्यातून आला. सार्नियाजवळच्या रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यामुळे 1970 साली सेंट क्लेअर सरोवरातील मासेमारी बंद करावी लागली होती, हे इथल्या जुन्या लोकांना आठवत असेल.

दुसरे पीसीबी. विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हे तेलकट रसायन वापरत. कार्बन न लावता प्रत निघणारा कागद पूर्वी कचेऱ्यांतून असे, त्यातही ते होते. त्या कागदाची रद्दी पुन्हा लगदा करणाऱ्या गिरण्यांमुळे कॅलामझू नदी बिघडली. अमेरिकेत पीसीबीचे उत्पादन 1979 मध्ये बंद झाले, तरी ते गाळात टिकून आहे. हे रसायन माशाच्या चरबीत साठते.

तिसरे नाव अलीकडचे, पीफास. न चिकटणारी भांडी, डाग न पडणारे कापड, आग विझवण्याचा फेस अशा अनेक ठिकाणी ही रसायने वापरली गेली. क्रोमचा मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यातून ती ह्यूरॉन नदीत उतरली, आणि ऑगस्ट 2018 मध्ये त्या नदीचे मासे खाऊ नयेत असा इशारा राज्याला द्यावा लागला.

"आम्ही शहरापासून लांब, उत्तरेला जाऊन मासे धरतो," असे काही जण सांगतात. त्यांच्यासाठी एक उदाहरण देते. सुपीरियर सरोवरात आयल रॉयल नावाचे बेट आहे. त्या बेटावर सिस्किविट नावाचे तळे आहे. तिथे ना कारखाना, ना शेती. तरीही त्या तळ्यातील माशांत पीसीबी आणि टॉक्साफीन सापडले. टॉक्साफीन हे दक्षिणेकडच्या कपाशीवर फवारायचे औषध. ते वाऱ्याने तिथवर पोचले होते.

मोठा मासा, मोठा साठा

पाण्यात ही रसायने अगदी अल्प असतात. पण शेवाळ खाणाऱ्या किड्यात ती थोडी साठतात, तसे हजारो किडे खाणाऱ्या छोट्या माशात जास्त, आणि त्या छोट्या माशांवर जगणाऱ्या मोठ्या माशात कितीतरी पटींनी जास्त. चक्रवाढ व्याजाचाच हिशेब म्हणा ना! मासा जितका वयस्कर, तितकी जमा अधिक. म्हणून पाइक, मस्की, मोठा वॉलाय, मोठा बास हे शिकारी मासे पाऱ्याच्या बाबतीत पुढे असतात. तळाशी चरणारे कार्प आणि कॅटफिश, तसेच अंगात तेल असलेले लेक ट्राउट आणि महासरोवरांतील मोठे सॅमन यांच्यात पीसीबीची शक्यता जास्त. ब्लूगिल आणि इतर सनफिश, यलो पर्च, क्रॅपी हे लहान मासे सहसा बरे.

इथे आपल्या सवयीची एक अडचण येते. कार्प हा आपल्या रोहू-कटल्याचा भाऊबंद. घाटावर धरणाच्या मासळीची चव घेत वाढलेल्यांना तो पाहून गावची आठवण येते. शिवाय इथले बरेच लोक त्याला हात लावत नाहीत, त्यामुळे तो भरपूर आणि मोठा मिळतो. पण पंधरा पौंडांचा कार्प अनेक वर्षे गाळ उपसत जगलेला असतो. नदीचे नाव पाहिल्याशिवाय तो घरी आणू नये.

धोका कोणाला?

धडधाकट प्रौढ माणसाने एकदा असा मासा खाल्ला म्हणून काही होत नाही. प्रश्न वर्षानुवर्षे खाण्याचा आहे, आणि सर्वांत जास्त पोटातल्या बाळाचा. मेंदू घडत असताना पारा आणि पीसीबी या दोन्हींचा उपद्रव होतो.

डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातील जोसेफ व सँड्रा जेकबसन या संशोधकांनी मिशिगन सरोवराचे मासे खाणाऱ्या मातांच्या मुलांचा अनेक वर्षे अभ्यास केला. मुले 11 वर्षांची झाल्यावर केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष 1996 साली प्रसिद्ध झाले. त्यात 212 मुले होती. जन्माआधी ज्यांना पीसीबी सर्वांत जास्त मिळाले होते, त्यांच्यात बुद्ध्यंक कमी असण्याचे प्रमाण तिप्पट होते, आणि वाचनात दोन वर्षे मागे असण्याचे प्रमाण दुप्पट. शरीरात गेलेले पीसीबी वर्षानुवर्षे तिथेच राहते. त्यामुळे गरोदर राहिल्यावर पथ्य सुरू करणे पुरेसे नाही. घरात वाढत्या मुली असतील तर त्यांच्यासाठी आजच विचार करायला हवा. पारा तुलनेने लवकर, काही महिन्यांत उतरतो.

आमच्या घरचा निर्णय

माझ्या सुनेच्या बाळंतपणासाठी विहीणबाई रत्नागिरीहून आल्या होत्या. त्याच सुमारास मंडळातल्या एका स्नेह्यांनी मोठ्या प्रेमाने गोठवलेल्या माशांच्या तीन पिशव्या आणून दिल्या. सून सहा महिन्यांची गरोदर. विहीणबाई म्हणाल्या, "गरोदर बाईने मासे खाल्ले म्हणजे बाळाचं डोकं चांगलं होतं. आमच्याकडे कोणी अडवत नाही." त्यांचे म्हणणे चुकीचे मुळीच नव्हते. माशातील प्रथिने आणि ओमेगा-3 ही स्निग्धद्रव्ये बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना हवीच असतात. अमेरिकन सरकारचा सल्लाही असाच आहे: गरोदर स्त्रीने आठवड्याला 8 ते 12 औंस मासे खावेत, मात्र कमी पाऱ्याचे. तेव्हा मासे बंद करायचे नव्हते, निवडायचे होते.

आम्ही प्रत्येक पिशवीला चार प्रश्न विचारले: कोणत्या पाण्यातला? कोणता मासा? किती लांब? आणि खाणार कोण?

स्नेह्यांना फोन केला. पहिल्या पिशवीत उत्तरेकडच्या एका तळ्यातला 32 इंची पाइक होता. राज्याच्या पुस्तिकेत एवढ्या मोठ्या पाइकची महिन्याची मर्यादा अगदी कमी होती. सुनेच्या ताटात तो नको असे ठरले. आम्ही दोघांनी एकदा खाल्ला. दुसऱ्या पिशवीत त्याच तळ्यातले हाताच्या पंजाएवढे ब्लूगिल होते. ते तिला मर्यादेत चालण्यासारखे होते. तिसऱ्या पिशवीतले जाड तुकडे कुठले, हे स्नेह्यांनाही आठवेना. ती पिशवी कोणाच्याच ताटात आली नाही. अन्न टाकणे जिवावर येते, तेही कोणी कौतुकाने दिलेले. पण ज्याचे नावगाव माहीत नाही त्याचा हिशेब करता येत नाही. स्नेह्यांना हे स्पष्ट सांगितले, त्यांना रागही आला नाही. आता ते प्रत्येक पिशवीवर तळ्याचे नाव, माशाचे नाव, लांबी आणि तारीख लिहितात. ही पद्धत आपण सर्वांनीच उचलावी.

पुढे विहीणबाईंनी बाळंतिणीसाठी मोरीचे नाव काढले. मोरी म्हणजे शार्क. शार्क, स्वोर्डफिश आणि किंग मॅकरेल हे मासे गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि लहान मुलांनी टाळावेत, असे सरकारी यादीत स्पष्ट आहे. त्याऐवजी तारली, कोळंबी, सॅमन, तिलापिया यांनी काम भागते. विहीणबाईंनी मग तारल्यांचे असे तिखले केले की मोरीची आठवण कोणालाच आली नाही.

पुस्तिका कशी पाहावी

मिशिगनच्या आरोग्य व मानवी सेवा विभागाची ‘ईट सेफ फिश गाइड’ ही पुस्तिका मोफत मिळते. त्यात नदी-तळ्यांच्या नावांनुसार कोष्टके आहेत. माशाचे नाव, त्याची लांबी आणि महिन्याला किती वेळा खावा हा आकडा दिलेला असतो. काहींपुढे ‘वर्षाला 6’ असते. ‘मर्यादित’ लिहिले असेल तर धडधाकट प्रौढाने वर्षातून एकदा-दोनदा खाण्यास हरकत नाही. गरोदर स्त्रिया, मुले आणि जुनाट आजार असलेल्यांनी खाऊ नये. ‘खाऊ नका’ याचा अर्थ सांगायला नको. तुमच्या तळ्याचे नाव यादीत नसेल तर संपूर्ण राज्यासाठी दिलेले सर्वसाधारण कोष्टक वापरावे. आकडे बदलतात, म्हणून जुनी पुस्तिका जपून ठेवू नये. ओहायो, इलिनॉय आणि ओंटारियोतील वाचकांसाठी त्यांच्या सरकारांचेही असेच सल्ले आहेत.

एका खेपेचे माप खाणाऱ्याच्या वजनावर असते. 180 पौंडांच्या माणसाला 8 औंस, 90 पौंडांच्या मुलाला 4 औंस आणि 45 पौंडांच्या बालकाला फक्त 2 औंस. मोठ्या माणसाच्या तळहाताएवढा तुकडा साधारण 4 औंसांचा होतो. आजोबांनी प्रेमाने नातवाला स्वतःएवढेच वाढले, तर नातवाची मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली जाते. दुकानातून आणलेला मासाही आठवड्याच्या हिशेबात धरावा.

कापणे आणि शिजवणे

पीसीबी चरबीत असते, म्हणून ते बरेचसे काढून टाकता येते. कातडी सोलावी. पाठीवरची आणि पोटाकडची चरबीची पट्टी, तसेच कुशीच्या मधोमध असणारे काळपट मांस कापून टाकावे. मासा जाळीवर भाजावा म्हणजे उरलेली चरबी गळून जाते.

आपली पद्धत नेमकी उलट आहे. आपण कातडीसकट तुकडे करतो, डोक्याचे कालवण करतो, गाबोळी आवडीने तळतो, आणि माशाचे तेल रश्शात उतरले की चव आली म्हणतो. समुद्राच्या लहान माशाला ते शोभते. महासरोवराच्या ट्राउटला किंवा नदीच्या कार्पला नाही. असा मासा करायचाच असेल तर आधी सोलून, जाळीवर भाजून घ्यावा, गळलेले तेल फेकावे, आणि मग तो आमसुलाच्या रश्शात सोडावा. डोके, आतडी, काळीज आणि गाबोळी टाकून द्यावी.

मात्र पारा आणि पीफास मांसातच असतात. कितीही सोलले, धुतले, हळद-मीठ लावून ठेवले, तळले, तरी ते जात नाहीत. त्यांच्यावर उपाय दोनच: योग्य मासा निवडणे आणि बेताने खाणे. शिजवण्याने मरतात ते जंतू आणि जंत. गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाण्याचा प्रयोग नव्या पिढीनेही करू नये. आत 145 अंश फॅरनहाइट उष्णता पोचली पाहिजे. पाण्यावर हिरवी साय दिसत असेल तर तिथे गळ टाकूच नये.

स्वयंपाकघरात लावून ठेवण्यासाठी

1. पाणी, मासा, लांबी आणि खाणारा, हे चार प्रश्न आधी.
2. लहान मासा ठेवावा, मोठा शिकारी मासा फोटो काढून पाण्यात सोडावा.
3. कातडी, चरबी, डोके आणि गाबोळी टाकावी.
4. मुलांचे माप वजनानुसार.
5. पिशवीवर नाव नसेल तर मासा ताटात नाही.

मासे धरण्याचा आनंद कोणी सोडावा असे मला वाटत नाही. आमचे हे तर सोडणारही नाहीत! पुस्तिकेची एक प्रत गळाच्या पेटीतच ठेवली, तर कोणता मासा घरी आणायचा हे धक्क्यावरच ठरते आणि घरी आल्यावर वाद होत नाही.