लेसरचे काम आणि डोळ्यांची हिफाजत

दागिन्यांवर नाव कोरणे, सोन्याचे सांधे जोडणे, लाकूड किंवा अॅक्रिलिक कापणे, ही कामे आता लेसर यंत्रावर होत आहेत. यंत्रासाठी मोठी रक्कम मोजणारे आपले कारागीर बंधू चष्मा मात्र हाती लागेल तो घेतात. "काच काळी आहे ना, मग झाले," ही समजूत घातक आहे. वेल्डिंगची काच किंवा उन्हाचा गॉगल येथे उपयोगाचा नाही.

प्रत्येक लेसरची तरंगलांबी वेगळी असते व ती नॅनोमीटरमध्ये मोजतात. धातूवर कोरणाऱ्या फायबर लेसरचा झोत साधारण १०६४ नॅनोमीटरचा असतो. तो दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही. डोळ्यातील भिंग तो थेट नेत्रपटलावर एकवटते. तेथे झालेली जखम बहुधा कायमची असते. लाकूड कापणाऱ्या कार्बन डायऑक्साइड लेसरचा झोत १०,६०० नॅनोमीटरचा असतो. तोही दिसत नाही, पण तो डोळ्याचा बाहेरचा पडदा भाजतो. लहान डायोड यंत्रांचा निळा झोत बहुधा ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो.

चष्मा घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) यंत्राच्या पट्टीवरील तरंगलांबी व वॅट लिहून घ्यावेत. तीच तरंगलांबी चष्म्यावर छापलेली असली पाहिजे. काचेच्या रंगावर जाऊ नये. पारदर्शक पॉलिकार्बोनेट १०,६०० चा झोत अडवते, पण १०६४ चा आरपार जाऊ देते.

२) 'ओडी' हा आकडा पाहावा. ओडी ४ म्हणजे दहा हजारांतील एकच भाग आत येतो, ओडी ६ म्हणजे दहा लाखांतील एक. २० वॅटच्या झोतातून ओडी ४ ला २ मिलिवॅट आत येतात, ओडी ६ ला फक्त ०.०२. ठोके देणाऱ्या लेसरची क्षणिक ताकद वॅटच्या आकड्यापेक्षा फार मोठी असते, म्हणून लागणारा ओडी यंत्र बनविणाऱ्याकडून लेखी घ्यावा.

३) युरोपीय 'ईएन २०७' मानकाची खूण असल्यास उत्तम.

४) बाजू झाकलेल्या असाव्यात. तडा किंवा खोल ओरखडा दिसताच चष्मा बदलावा.

चष्मा घालूनही झोताकडे पाहू नये. तो उसळून आलेल्या किरणांसाठी आहे. यंत्राचे झाकण उघडे ठेवून काम करू नये. शेजारी उभ्या शागिर्दालाही तसाच चष्मा द्यावा. यंत्र बिघडले तर दुरुस्त होते, डोळा गेला तर कारागिरी संपते.